चार माणसांत

माझ्या वडिलांना 'मालक' म्हणणारा जगात एकच माणूस होता, आणि आमची सगळी जमीन त्याच्याच ताब्यात होती.

बाकीचं गाव वडिलांना तात्या म्हणायचं. पाटबंधारे खात्यात चौकीदारी करून निवृत्त झालेला, सणसरच्या अलीकडं दोन खोल्यांत राहणारा धनगर. त्याला दुसरं काय म्हणणार? पण आबांची पांढरी गाडी दारात थांबली, की काच पुरती खाली व्हायच्या आधीच हाक यायची, "मालक, आहात का घरात?" वडील हातातला चहा तसाच ठेवून पटका शोधायला लागायचे. बोडक्या डोक्यानं मालक बाहेर कसा जाणार! मला त्या हाकेची चीड यायची. वडिलांना ती गोड लागायची, आणि त्याची मला आणखी चीड यायची.

आबा मूळचे इथले नव्हेत. इंग्रजांच्या काळात नीरेचा कालवा आमच्या माळावरून गेला, त्यानंतर पुरंदरकडची बागाईत करणारी कुटुंबं पाण्यामागं इकडं आली. आमच्याकडं त्यांना 'पाण्यावर आलेले' म्हणायचे, म्हातारी माणसं अजूनही म्हणतात. आबा त्यांतलेच, मिसरूड फुटायच्या वयात चुलत्याबरोबर आलेले. साहेबाला कालव्याचं पाणी खपवायचं होतं, त्यासाठी ऊस हवा होता, आणि आमच्या लोकांना ऊस लावता येत नव्हता. लावायचाही नव्हता. मेंढ्या होत्या, माळ होता, पावसाळ्यात पोटापुरती बाजरी व्हायची. माझे आजोबा म्हणे त्या पाण्याला भ्यायले होते. एवढं पाणी रानात सोडलं की जमीन सडते आणि मेंढीच्या खुरात किडे पडतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांना लोकांनी अडाणी ठरवलं. पुढं कालव्याकाठच्या किती जमिनी मीठ फुटून वाया गेल्या ते त्याच लोकांनी पाहिलं, पण तेव्हा आजोबा नव्हते. तर आबांनी जमीन खंडानं मागितली, म्हणजे दर वर्षी ठरलेलं धान्य देऊन कसायला मागितली, आणि आजोबांनी ती दिली. दिवाळी झाली की मेंढ्या घेऊन कोकणात उतरणाऱ्या माणसाला घरी आयती बाजरी मिळाली तर हवीच होती.

त्या रानात आबांनी जे केलं ते मी नाकारत नाही. माणूस राबणारा होता. सुरुवातीची वर्षं त्यांनी पाचटाच्या खोपीत काढली, हिवतापानं दोनदा मरता मरता वाचले. ऊस उभा केला, गुऱ्हाळ घातलं. मग गूळ दुसऱ्याच्या आडतीवर कशाला घालायचा म्हणून बारामतीत स्वतःची आडत काढली. आडतीच्या शेजारी ऑइल इंजिनांचं दुकान आलं, दुकानामागं ट्रक आले, आणि मी कॉलेजात होते तेव्हा पेट्रोल पंप आला. एवढं झाल्यावर माणसाला लोकांचं भलं करावंसं वाटायला लागतं. आबा आधी लोकल बोर्डात गेले, मग पंचायत समितीत, मग जिल्हा परिषदेत. शाळा काढली, वसतिगृह काढलं. प्रत्येक भाषणात त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "मी आलो तेव्हा इथं नुसता माळ होता हो, औषधालासुद्धा माणूस दिसत नव्हता!" टाळ्या पडायच्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत आमच्या भावकीतलीच निम्मी माणसं असायची, ज्यांच्या बापजाद्यांनी त्याच माळावर जन्म घालवला होता. त्यांना बहुतेक आपण तेव्हा नव्हतो असंच वाटायला लागलं होतं.

जमीन गेली कशी, हे बाहेरच्याला सांगितलं तर तो हसतो. स्वातंत्र्यानंतर कूळकायदा आला. जमीनदारानं बसून खायचं आणि गरिबानं दुसऱ्याच्या रानात मरायचं हे थांबावं, कसणाऱ्या कुळाला जमीन मिळावी, म्हणून केलेला कायदा. कायदा चांगलाच होता, मी वर्गात तसंच शिकवते. पण आमच्या गावात त्या कायद्याला जमीनदार म्हणून सापडले मेंढ्यांमागं उन्हातान्हात फिरणारे आजोबा, आणि गरीब कूळ म्हणून सापडले आडत चालवणारे आबा. इंदापूरला कचेरीत साहेबानं आजोबांना विचारलं, "जमीन कोण कसतं?" आजोबांनी आबांकडं हात केला, "ह्ये कसत्यात की." दुसरं काय सांगणार? खरं तेच होतं. त्या एका वाक्यावर सगळं संपलं. बाहेर आल्यावर आबांनी त्यांना हॉटेलात नेऊन भजी खायला घातली आणि त्या दिवसापासून त्यांना 'मालक' म्हणायला सुरुवात केली. त्याआधी ते नुसत्या नावानं हाक मारायचे. आजोबांच्या मागं वारसाहक्कानं वडिलांना मिळाला तो हा शब्द.

वडिलांना जमीन परत नको होती. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं लोकांनी भलतंच पसरवलं. ते मला म्हणायचे, "कायद्यानं गेली ती गेली. आता माझ्यानं ऊस व्हणार हाय व्हय? पर त्यानं एकदा चार माणसांत म्हणावं, ही जमीन ह्यांची हाय म्हणून. बास. मग मी मराया मोकळा." आमच्यात कळपाची वाटणी, सोयरीक, भांडणाचा निवाडा, सगळं चार माणसांत बोलून व्हायचं. कुणी सही करत नव्हतं, कुणाला येतही नव्हती. चार माणसांत बोललं की ते झालं, मग आभाळ कोसळलं तरी मागं घ्यायचं नाही. आबा गाडीच्या काचेतून मालक म्हणायचे, आमच्या ओसरीवर म्हणायचे. चार माणसांत त्यांच्या तोंडी नुसता माळ असायचा.

मी आबांच्याच शाळेत मराठी शिकवत होते. मला नोकरी देताना त्यांनी देणगी मागितली नाही. "मालकांच्या लेकीकडून कसली देणगी?" असं ते मुख्याध्यापकांसमोर म्हणाले, आणि ते वाक्य पुढं स्टाफरूममध्ये मला महिन्यातून एकदा तरी ऐकावं लागायचं. मी बी.एड.ला पहिल्या वर्गात पास झाले होते, हे कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. घरी वडील तर म्हणायचे, "बघ, जाण ठिवली त्यानं." कसली जाण आणि कसलं काय! पगार सरकार देत होतं.

नव्वदच्या दशकातली ती जिल्हा परिषदेची निवडणूक आबांना जड गेली. तोवर त्यांच्याविरुद्ध उभं राहायला कुणी धजत नव्हतं. त्या खेपेला जुन्या गावकीतल्या एका घरचा पोरगा उभा राहिला. पुण्यात शिकून आलेला, जीपमधून फिरणारा, गॉगलवाला. त्यानं एकच शब्द धरला, 'उपरा'. भिंतींवर चुन्यानं लिहिलं, "पाण्यावर आले, पाण्याबरोबर जातील." सभेत तो आमच्या लोकांविषयी गळा काढायचा, धनगरांच्या जमिनी कुणी गिळल्या म्हणून विचारायचा. त्याच्या स्वतःच्या आजानं आमच्या मेंढ्या गावच्या विहिरीवर कधी पाण्याला येऊ दिल्या नव्हत्या. मेंढ्यांचा हा पुळका मतदानापुरता आहे हे सगळ्यांना कळत होतं, तरी शब्द चिकटला. भवानीनगरपासून कळंबपर्यंत चहाच्या टपरीवर तेच ऐकू यायला लागलं. आबा पंचाहत्तरीच्या पुढं गेले होते. उभं आयुष्य इथं काढून म्हातारपणी 'उपरा' ऐकायला लागणं त्यांना लागलं असणार, हे मला कळत होतं. पण मला त्यांची दया आली नाही.

मतदानाच्या आधी शेवटची सभा आमच्या गावात होती. दुपारी आबांचा एक कार्यकर्ता आमच्याकडं आला. "तात्या, आबांनी स्टेजवर बोलावलंय. आणि येताना घोंगडी घेऊन या."

"घोंगडी कशाला? आता कुठं थंडी हाय?" वडिलांनी विचारलं.

"असू द्या खांद्यावर. बरी दिसते."

आमच्या घरात तेव्हा घोंगडी नव्हतीच. चौकीदारीत खात्यानं दिलेला कोट होता. वडील चुलतभावाकडं जाऊन घोंगडी मागून आले. हा चुलतभाऊ अजून मेंढ्या राखायचा. त्या वर्षी बायको आजारी असल्यामुळं तो कोकणात उतरला नव्हता, इकडंच मोकळ्या रानांत वाडा, म्हणजे मेंढ्यांचा तळ, टाकून फिरत होता. मी वडिलांना म्हटलं, "तुम्हाला सोंग म्हणून नेतायत. जाऊ नका." "अगं, चार माणसांत बोलावलंय त्यानं," ते म्हणाले. मग धोतर मीच धुऊन दिलं.

चावडीपुढं मंडप होता, माणसं रस्त्यापर्यंत उभी होती. आबा बोलायला उठले. माळाचं वाक्य त्या दिवशी आलं नाही. ते वडिलांपाशी गेले, त्यांचा हात धरून त्यांना माइकपाशी आणलं, आणि म्हणाले, "मला उपरा म्हणतात. बरोबर आहे. मी उपराच आहे. हे माझे मालक. माझ्या अंगावरचा हा सदरा ज्या जमिनीतून आला, ती जमीन यांची. काल यांची होती, आज यांची आहे, उद्या यांचीच राहील. मी नुसता राखणदार. यांनी आत्ता, इथं, 'ऊठ' म्हणावं, मी उठून पुरंदरची वाट धरतो." त्यात सगळंच नाटक होतं असं मला आजही म्हणवत नाही. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. त्यांनी माइक वडिलांपुढं केला. वडील आयुष्यात माइकवर बोलले नव्हते. त्यांनी घोंगडी सावरली आणि म्हणाले, "आबा बोलले ते खरं हाय."

एवढंच. मंडप टाळ्यांनी दणाणला. गॉगलवाल्याची निवडणूक तिथंच संपली. आबा भरघोस मतांनी निवडून आले, आमच्या दारावरून मिरवणूक गेली, गुलालात वडिलांचा पटका लाल झाला. तो त्यांनी पुढं बरेच दिवस धुऊ दिला नाही.

त्यानंतर वडील वेगळेच झाले. पाठ ताठ करून चालायला लागले. रोज सकाळी उठून कुठल्या ना कुठल्या नातेवाइकाकडं जायचे. भावकीतली मेंढक्यांची जेवढी घरं आणि वाडे आसपास होते, त्या सगळ्यांवर ते स्वतः जाऊन आले. एसटीनं, पायी, कुणाच्या सायकलीवर मागं बसून. सगळीकडं तेच सांगायचे, की चार माणसांत आबानं शब्द दिला, जमीन आपली हाय. म्हातारी माणसं त्यांच्या पाया पडायची म्हणे. मला वाटलं, मिरवू देत. एवढ्या वर्षांनी मिळालंय, त्यात माझं काय जातंय?

उन्हाळा तोंडावर आला. आबांच्या रानातला, म्हणजे आजोबांच्या मूळच्या रानातला ऊस कारखान्याला गेला. खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांवरचा पुढचा ऊस, ठेवायचा नव्हता, रान नांगरून टाकायचं होतं, त्यामुळं ते मोकळं पडलं होतं. आमच्याकडं असल्या मोकळ्या रानात मेंढ्या बसवतात. कळप रात्रभर त्या रानात मुक्कामाला ठेवायचा, लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतं, त्यासारखं खत नाही. शेतकरी आपण होऊन मेंढक्याला बोलवायला येतो आणि बदल्यात धान्य देतो. बोलावल्याशिवाय कुणी कुणाच्या रानात मेंढ्या बसवत नाही. तो शेतमालकाचा हक्क असतो. लहान पोरालाही आमच्यात हे ठाऊक असतं.

वडिलांनी चुलतभावाचा कळप त्या रानात बसवला. कुणी बोलावलं नव्हतं. कोण बोलावणार? आपल्या रानात मेंढ्या बसवायला आपल्यालाच कोण बोलवायला येतं? चुलतभावानं रिवाजाप्रमाणं धान्याचं विचारलं, तेव्हा वडील त्याच्यावर उखडले. "आपल्याच जिमिनीला खत घालायचं धान्य मागतोस व्हय रं?" हे मला त्या चुलत्यानंच नंतर सांगितलं.

सकाळी आबांचा मुलगा ट्रॅक्टर घेऊन नांगरटीला आला तर रानात मेंढ्या. हा मुलगा बारामतीत वाढलेला, पंपावर बसणारा. मेंढ्या बसवणं म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं, किंवा माहीत करून घ्यायचं नव्हतं. घोंगडी घेऊन स्टेजवर उभा राहिलेला म्हातारा आता खरंच जमिनीवर चालून आला, एवढंच त्याला दिसलं. त्यानं चौकीवर जाऊन तक्रार दिली, की निवडणुकीतल्या शब्दाचा फायदा घेऊन ताबा मारायचा प्रयत्न चाललाय. ज्यासाठी लोक धान्य मोजतात ते खत त्याच्या रानात फुकट पडलं होतं आणि तो ताब्याची तक्रार देत होता.

शाळेत शिपाई निरोप घेऊन आला. मी चौथा तास अर्धा टाकून चौकीवर गेले. वडील आणि चुलते बाकावर बसले होते. फौजदार बरा माणूस होता, त्यानं दोघांना चहा दिला होता. वडिलांना राग आलेला नव्हता, भीतीही वाटत नव्हती. कुणाची तरी समजुतीत गफलत झालीय आणि आबा आले की मिटेल, अशा निश्चिंतीनं ते बसले होते. "आबाला सांगावा धाडलाय," ते मला म्हणाले. "पोराला ठावं न्हाय, बापाला ठावं हाय."

आबा आले. गाडीतून उतरून धापा टाकत आत आले आणि आल्याआल्या फौजदाराला म्हणाले, "सोडून द्या साहेब. घरचीच माणसं आहेत. मुलगा तक्रार मागं घेईल." हे त्यांनी मनापासून केलं, ते मी खोटं म्हणणार नाही. मग त्यांनी वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. "वय झालं की होतं असं, कुणाचं काय ते विसरायला होतं."

"मी कायबी इसरलो न्हाय," वडील म्हणाले. "तुमीच बोलला न्हवं? चार माणसांत? आज ह्यांची हाय, उद्या ह्यांचीच ऱ्हाईल म्हणून?"

आबा क्षणभर त्यांच्याकडं बघत राहिले. मला वाटतं त्यांना खरोखरच आठवावं लागलं. मग ते हसले, अगदी मायेनं. "अहो तात्या, ते भाषण होतं."

फौजदार हसला. दारातला हवालदार हसला. चुलतेसुद्धा हसले, सुटका झाल्याच्या आनंदात. वडील एकेकाच्या तोंडाकडं बघत होते, कुणीतरी काहीतरी सांगेल म्हणून. कुणी सांगितलं नाही. आबांनी गाडीतून घरी सोडतो म्हटलं. मी नको म्हटलं. मला त्या क्षणी त्या म्हाताऱ्याचा गळा धरावासा वाटला होता, आणि त्याच्या शाळेत मला दुसऱ्या दिवशी पहिला तास होता.

चुलते मेंढ्यांकडं गेले. आम्ही दोघं स्टँडवर सणसरच्या एसटीची वाट बघत बसलो. उन्हं कलली होती. उसाच्या रिकाम्या गाड्या परत चालल्या होत्या. मग वडिलांनी विचारलं, "तू शाळंत पोरास्नी भाषाण शिकवतीस न्हवं?"

"हो."

"मग भाषाण म्हंजी काय असतं?"

दर वर्षी मी वक्तृत्व स्पर्धेसाठी पोरं तयार करायची. आवाज कुठं चढवायचा, कुठं थांबायचं, हात कधी उचलायचा, सगळं मला येत होतं. मी काहीबाही सांगायला लागले, की लोकांपुढं आपले विचार मांडायचे, त्यांच्या मनाला भिडेल असं बोलायचं. त्यांनी मला मधेच थांबवलं.

"आगं तसं न्हवं. बोलायचं, पर ते धरायचं न्हाय, असं असतं का?"

"बऱ्याचदा असतं," मी म्हणाले.

"समद्यास्नी ठावं असतं ह्ये?"

"असतं."

त्यांनी मान हलवली. एसटी आली, ती बारामतीची होती, निघून गेली.

"मी समद्या वाड्यांवर जाऊन सांगितलंय, जमीन आपली हाय म्हणून," ते म्हणाले. "म्हंजी माझंबी भाषाणच झालं म्हणायचं."